ब्लाउजवरच्या चुण्या, शाळेचे बिल्ले आणि दीड लाखाची मशीन

नमस्कार काकू,
मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश शिवते. मागच्या वर्षी जाऊबाईंच्या भावाकडून छोटी कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन वापरायला आणली. बाहीवर डिझाइन काढलं की फ्रेममध्ये छान दिसते, फ्रेम काढली की भोवती चुण्या पडतात. टी-शर्टवर तर कापड गोळाच होते. ते म्हणतात, छोट्या मशीनचं असंच असते, मोठी घ्या. नागपूरला बारा सुयांची जुनी मशीन दीड लाखात मिळत आहे. यंदा कापसाचे पैसे हातात आहेत, कमी पडले तर कर्ज काढू असं घरचे म्हणतात. लग्नाचे ब्लाउज तर असतातच, गावच्या शाळेच्या बिल्ल्यांचं कामही मिळू शकते. घ्यावी का? आणि एक, मराठीत नाव काढलं की वरची रेघ तुटते, ती कशानं?
– एक वाचक, जि. यवतमाळ

ताई,

ती मशीन यंदा घेऊ नका. पुढंमागं जरूर घ्या, पण आत्ता नको. पाहुण्यांनी तुम्हाला सांगितलेलं कारण चुकीचं आहे. चुण्या मशीन छोटी म्हणून पडत नाहीत. बारा सुयांच्या मशीनवर हेच कापड याच पद्धतीनं लावलं तर तिथंही अशाच चुण्या पडतील, आणि ती मशीन जास्त वेगानं चालत असल्यानं कापड खराब झाल्याचं तुमच्या उशिरा लक्षात येईल. म्हणून आधी चुण्यांचं पाहू, मशीनचा हिशेब त्यानंतर.

भरतकामाचा दोरा ताणात चालतो. टाका बसला की तो आपली दोन टोकं एकमेकांकडे ओढतो. एका टाक्याची ओढ काहीच नसते, पण बाहीच्या एका डिझाइनमध्ये दहा-बारा हजार टाके सहज बसतात आणि ती सगळी ओढ हातभर कापडावर येते. फ्रेम घट्ट असते तोवर कापड ती सोसते. फ्रेम सुटली की आवळलेला भाग तसाच राहतो, भोवतीचं कापड मोकळं होते आणि चुण्या दिसू लागतात. ही ओढ कापडानं सोसायची नसते. ती सोसायची असते कापडाखालच्या पेपरनं.

तुम्ही खाली काय लावता ते पत्रात लिहिलं नाही. आपल्याकडे खेड्यात बरेच जण वर्तमानपत्र लावतात, कोणी जुनं बकरम लावते. वर्तमानपत्र सुईच्या भोकांनी दोन मिनिटांत फाटते, मग धरायला खाली काहीच उरत नाही. वर शाईचे डाग पडतात ते वेगळेच. ते आजपासून बंद करा. दुकानात नुसतं ‘एम्ब्रॉयडरीचा पेपर द्या’ म्हटलं तर बहुतेक वेळा फाडून निघणारा, म्हणजे टिअर-अवे पेपर देतात. पॉपलिन, खण, जाड कॉटन अशा घट्ट विणीच्या कापडाला तो चालतो. टी-शर्टला चालत नाही. टी-शर्टचं कापड विणलेलं नसून गुंफलेलं असते, ते प्रत्येक धुण्यात ताणलं जाते. त्याला कट-अवे पेपर लागतो, जो भरतकामाभोवती अर्धा सेंटीमीटर ठेवून कात्रीनं कापायचा आणि डिझाइनखाली कायमचा राहू द्यायचा. नागपूरला इतवारी-गांधीबागेत दोन्ही मिळतात. मागताना नाव घेऊन मागा आणि हातानं फाडून पाहा: सहज फाटला तर तो टी-शर्टचा नाही.

ब्लाउजचं कापड बहुतेक सिल्क, क्रेप नाहीतर सॅटिन असणार. अशा निसटत्या कापडाला मागून आधी पातळ फ्यूझिंग, म्हणजे गरम केल्यावर चिकटणारं अस्तर, इस्त्रीनं चिकटवा, मग त्याखाली पेपर. यानं अर्ध्याहून जास्त चुण्या जातील. इस्त्री कमी तापवा, आधी कोपऱ्यावर तपासा. अस्तर भरतकाम झाल्यावर जोडा, म्हणजे मागचे टाके अंगाला टोचत नाहीत.

आता फ्रेम. कापड ढोलासारखं ताठ लावा असं सगळे शिकवतात, आणि नवी माणसं तिथंच फसतात. ताठ असावं ते पेपरमुळे. कापड फक्त सपाट असावं, ओढलेलं नसावं. आपण फ्रेम लावून झाल्यावर कडेनं कापड खेचून खेचून ताणतो आणि स्क्रू आवळतो. त्या क्षणी चुण्या तयार झालेल्या असतात, दिसतात नंतर. स्क्रू आधीच कापडाच्या जाडीप्रमाणे अंदाजे आवळून ठेवा, आतली रिंग एका दाबात बसवा, मग कापडाला हात लावू नका. उभा-आडवा धागा सरळ आहे का तेवढं पाहा. टी-शर्ट तर फ्रेममध्ये धरूच नका. फ्रेममध्ये फक्त कट-अवे पेपर ताठ बसवा, त्यावर कापड चिकटवायचा तात्पुरता स्प्रे मारा (मशीनपासून लांब, नाहीतर तो गोंद शटलमध्ये, म्हणजे खालचा दोरा असतो त्या भागात, जातो) आणि टी-शर्ट वरून अलगद ठेवून हातानं सपाट करा. टी-शर्ट आतबाहेर करून बाकीचा भाग बाजूला क्लिपांनी धरा, म्हणजे पुढची बाजू मागच्या बाजूला शिवली जात नाही.

ब्लाउज शिवणाऱ्या बाईला एक सवय मोडावी लागते. आपण आधी कापतो, मग काम करतो. भरतकामात कापड थोडं आवळलं जाते, म्हणून बाही किंवा पाठ आधी कापून ठेवली की शेवटी मापात कमी भरते. कापडावर खडूनं पूर्ण आकार काढा, मध्यावर अधिकची खूण करा, भरतकाम करा, उलट्या बाजूनं इस्त्री फिरवा, माप पुन्हा आखा आणि तेव्हाच कात्री लावा. काठपदराच्या साडीतला ब्लाउजपीस असेल तर हे पाळाच. तो तुकडा बाजारात परत मिळत नाही, आणि सिल्कवरचे टाके उसवले तरी भोकं तशीच राहतात.

सुई आणि दोऱ्याचं थोडक्यात सांगते. साध्या कापडाला ७५/११ नंबरची एम्ब्रॉयडरी सुई, टी-शर्टला त्याच नंबरची गोल टोकाची बॉलपॉइंट. साधारण आठ तास शिलाई झाली की सुई बदला. टोकावरून नख फिरवून खरखर लागली तर लगेच बदला. वरचा दोरा ४० नंबरचा, खालचा त्याहून बारीक ६० नंबरचा. शाळेच्या कामाला पॉलिस्टरच घ्या. रेयॉनची चमक सुंदर असते, पण ओला झाला की तो कमजोर पडतो आणि गणवेश तर रोज धुतला जातो. जरीसाठी मोठ्या डोळ्याची ९०/१४ सुई लावा, वेग निम्म्यावर आणा, वरचा ताण सैल करा आणि रीळ मशीनपासून हातभर दूर ठेवा, म्हणजे जरीचा पीळ वाटेत मोकळा होतो. जरी सारखी तुटते म्हणून रडणाऱ्या बहुतेकींचं काम एवढ्यानं भागते.

ताण बरोबर आहे का ते डिझाइन उलटं करून पाहा. एक सेंटीमीटरहून कमी रुंदीचा सॅटिनचा पट्टा (इथं सॅटिन म्हणजे कापड नव्हे, शेजारी-शेजारी दाट पडणारे आडवे टाके) काढा आणि मागून बघा: मधल्या तिसऱ्या हिश्शात खालचा पांढरा दोरा, दोन्ही कडांना वरचा रंगीत दोरा. पांढरा दिसतच नसेल तर वरचा ताण सैल आहे. पांढराच पांढरा दिसत असेल तर वरचा ताण जास्त आहे. पुढून पांढरे ठिपके दिसले तर आधी शटलमधला कचरा साफ करा आणि मगच नटबोल्टला हात लावा.

एवढं सगळं करूनही चुण्या राहिल्या तर दोष डिझाइनचा. फुकट उतरवलेली डिझाइनं कोणत्या कापडासाठी पंच केली, म्हणजे चित्रावरून टाक्यांची फाइल बनवली, ते आपल्याला कळत नाही. जाड कापडाची दाट डिझाइन क्रेपवर टाकली की ती कापडाला चिरडते. त्यात आपण ती मशीनवर लहान करतो. डीएसटी फाइल (डिझाइनच्या फाइलचा एक प्रकार) लहान केली की बऱ्याच मशीनवर टाके तेवढेच राहतात, जागा कमी होते आणि दाटी वाढते. दहा टक्क्यांपेक्षा जास्त लहान-मोठं करू नका. त्याहून बदल हवा तर पंचिंगवाल्याकडून त्या मापात नवी करून घ्या. त्याला कापड कोणतं ते सांगा आणि अंडरले टाकायला सांगा. अंडरले म्हणजे भरणीच्या आधी पडणारे विरळ टाके, जे कापड पेपरला बांधून घेतात. सॅटिनच्या टाक्यांमध्ये साधारण ०.४ मिलिमीटर अंतर पुरते. फाइल मागताना मशीन कोणती तेही सांगा: ब्रदरला पीईएस लागते, जानोमेला जेईएफ, मोठ्या मशीनवर ताजिमाची डीएसटी चालते. डीएसटीमध्ये दोऱ्यांचे खरे रंग साठवलेले नसतात. स्क्रीनवर मोर लाल दिसला तरी घाबरू नका, रंगांचा क्रम कागदावर लिहून घ्या. घरात कॉम्प्युटर असेल आणि कोणाला शिकायची हौस असेल तर इंकस्केपमध्ये चालणारं इंकस्टिच हे पंचिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळते. शिकायला वेळ लागतो, पण बाहेरच्या पंचिंगवर जाणारा पैसा वाचतो.

तुमचा मराठी नावाचा प्रश्न मला फार आवडला, कारण यावर कोणी नीट बोलतच नाही. मशीनसोबत येणारी तयार अक्षरं इंग्रजी असतात आणि पंचिंगवालेही त्याच सवयीनं आपलं एकेक अक्षर वेगळं करून शेजारी ठेवतात. प्रत्येक अक्षराची शिरोरेखा वेगळी शिवली जाते, प्रत्येक तुकडा थोडा आवळतो आणि दोन अक्षरांमध्ये फट पडते. तीच तुमची तुटलेली रेघ. पंचिंगवाल्याला सांगा: आधी सगळ्या अक्षरांचे देह, मग काना-मात्रा, आणि पूर्ण शब्दाची शिरोरेखा शेवटी एकसलग, एकाच पट्ट्यात. दुसरी गोष्ट त्याला सहसा सुचत नाही. सॅटिनचा पट्टा रुंदीत आवळतो, पण लांबीच्या टोकांना बाहेर ढकलला जातो. त्यामुळे अक्षराची उभी दांडी शिरोरेखेच्या वर डोकं काढते. दांडी रेघेच्या खालच्या कडेलगत संपवा, वरपर्यंत नेऊ नका, आणि रेघ थोडी जाड ठेवा. अनुस्वार हा नुसता ठिपका न ठेवता छोटं भरीव वर्तुळ करा, नाहीतर धुतल्यावर तो कापडात हरवतो. बाळाच्या दुपट्यावर नाव काढायचं असेल तर अक्षराची उंची मात्रा सोडून बारा मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. ‘ज्ञानेश्वरी’सारख्या जोडाक्षरांच्या नावाला पंधराही कमीच. आपल्या भागात कोणी नीट मराठी अक्षरं काढून देऊ लागलं तर बारशाचं, भजनी मंडळाच्या पताकांचं, शेगावच्या दिंडीतल्या टोप्यांचं काम त्याच्याकडे आपोआप जाईल. यात मन घाला असं मी मनापासून सांगते.

टोप्यांवरून मशीनच्या हिशेबाकडे येते. मोठी मशीन तीन गोष्टींसाठी घेतात. रंग बदलताना माणूस लागत नाही. मशीनचा शिवणारा हात खालून मोकळा असल्यानं शिवलेली टोपी, पिशवी, टी-शर्ट नळीसारखा चढतो. आणि ती दिवसभर न थकता चालते. आता तुमचं काम यात बसवून पाहा. ब्लाउजपीस सपाट असतो. शाळेचा बिल्लाही सपाट असतो, आठ सेंटीमीटरचा बिल्ला दहा बाय दहाच्या लहान फ्रेममध्येही बसतो. समजा, तो सहा हजार टाक्यांचा, तीन रंगांचा आहे. मिनिटाला सहाशे टाके धरले तर दहा मिनिटं, दोरे बदलायला आणि फ्रेम लावायला आणखी चार-पाच. रोज चार तास दिले तर दिवसाला सोळा बिल्ले होतात, शंभर बिल्ले आठवड्याभरात. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. ऑर्डर एप्रिलमध्ये पक्की केली तर दोनशे-तीनशे बिल्ले तुमच्या हातातल्या मशीनवर होतात. बिल्ला जाड ट्विलवर काढा, कडेला दाट सॅटिन द्या, मग कापून गणवेशावर शिवा. खिसाच हवा असेल तर खिशाच्या कापडावर आधी काढा, खिसा नंतर लावा. शिवलेल्या शर्टावर थेट काढायच्या फंदात पडू नका, एक चुकला तर अख्खा शर्ट गेला. शाळेचं चिन्ह मुख्याध्यापकांकडून लेखी मागून घ्या. कंपन्यांची चिन्हं काढून मागणाऱ्यांना सरळ नाही म्हणा.

पाठीच्या मोठ्या गळ्याला मात्र लहान फ्रेम अपुरी पडते, हे खरं आहे. डिझाइन दोन-तीन तुकड्यांत तोडून फ्रेम पुन्हा पुन्हा लावावी लागते आणि जोड चुकतो. म्हणून पैसे घालायचेच असतील तर वीस बाय अठ्ठावीस सेंटीमीटरच्या आसपास फ्रेम असलेली घरगुती मशीन पाहा, वॉरंटीसह आणि यवतमाळ किंवा अमरावतीत मेकॅनिक असलेली. बारा सुयांची मशीन तेव्हा घ्या जेव्हा टोप्यांची, मंडळांच्या टी-शर्टांची कामं सलग परत पाठवावी लागतील.

ती वेळ आली की जुनी मशीन पाहायला रिकाम्या हातानं जाऊ नका. आपलं क्रेप, टी-शर्ट आणि पेपर सोबत न्या. मालकाच्या जाड कॅनव्हासवर सगळ्याच मशीन चांगल्या चालतात. बाराही सुयांवर एकेक सॅटिनचा पट्टा काढायला लावा. मग एक भरीव वर्तुळ आणि त्याभोवती बारीक कड काढा. वर्तुळ लांबट झालं किंवा कड एका बाजूनं सुटली, आणि कापड-पेपर तुम्ही स्वतः नीट लावला होता, तर मशीनच्या चौकटीत झीज आहे. पेनड्राइव्ह घेते की जुनी फ्लॉपी मागते ते पाहा. मध्येच वीज बंद करायला सांगा आणि जिथं थांबली तिथून पुढं शिवते का बघा. आपल्याकडे हे तपासणं सगळ्यात गरजेचं. गावात कृषिपंप सुरू झाले की घरातले दिवे मंदावतात, तिथं स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग लागतेच. जमीन पक्की सिमेंटची हवी, सारवलेल्या जमिनीवर जड मशीन हलते आणि टाका सरकतो. आणि ताई, भाव येईपर्यंत कापूस ज्या खोलीत भरून ठेवता त्या खोलीत कोणतीच मशीन ठेवू नका, छोटीसुद्धा. ती रुई शटलमध्ये जाऊन बसते. रोज ब्रशनं झाडा, तोंडानं फुंकू नका, वाफेनं लोखंड गंजते.

आता पैशाचं. बी-बियाणं, खत यांचे पैसे आधी वेगळे काढा, उरेल त्यातूनच मशीन. सोनं ठेवून किंवा सावकाराकडून तर मुळीच नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. नोंदणी सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रात, आधारवर होते, पहिली पडताळणी ग्रामपंचायत करते. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, साहित्यासाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर आणि पहिलं कर्ज १ लाखापर्यंत ५ टक्के व्याजानं, अशी तिची रचना आहे. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. मोठ्या मशीनसाठी पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, आहे. तिच्या नियमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आणि स्वतःचा वाटा ५ टक्के धरला आहे. ते अनुदान हातात मिळत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून राहते, आणि तोवर युनिट चालू असावं लागते. दोन्ही योजना एकमेकींच्या आड येऊ शकतात, आधी पीएमईजीपीचं कर्ज घेतलं तर पुढची पाच वर्षं विश्वकर्मात बसता येत नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी यवतमाळच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्या काय चालू आहे ते विचारा.

हातातल्या मशीनवर आत्ताच करता येण्यासारखं एक काम सुचवते. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी सजवतात, त्यांच्यासाठी मखमलीच्या झुली कोणी नीट करून देत नाही. मखमल फ्रेममध्ये धरू नका, रिंगचा वळ कायम राहतो. पेपर फ्रेममध्ये, मखमल वर चिकटवलेली, आणि तिच्यावर पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवा, म्हणजे टाके लवेत बुडत नाहीत. काम झालं की फिल्म फाडा, उरलेली ओल्या बोळ्यानं टिपून घ्या. झूल लहान असते, फ्रेममध्ये बसते, आणि बिघडली तर कोणाची पैठणी गेलेली नसते. पोळ्याच्या महिनाभर आधी चार-सहा नमुने करून गावच्या दुकानात ठेवा.

त्याआधी कट-अवे आणि फ्यूझिंग आणून जुन्या टी-शर्टवर आणि क्रेपच्या चिंधीवर एकच डिझाइन काढून पाहा. मला फोटो पाठवाल तेव्हा उलट्या बाजूचाही पाठवा, ताण कुठं चुकतोय ते तिथूनच सांगता येईल.